कोरड्या उन्हात चढलेली नदी

आकाशात ढगाची चिंधीसुद्धा नव्हती, ऊन डोळ्यांत खुपत होतं, आणि अशा भरदुपारी त्या बाईने नदी हातभर वर चढवली, असं बोललं जायचं. मोठ्याने नाही, दार लोटून घेऊन. कुणी म्हणे, धरणावरच्या माणसाशी तिचं सूत होतं. कुणी म्हणे, खालची गल्ली रिकामी करायची सुपारी तिला बिल्डरने दिली होती. इस्त्रीवाल्याची बायको म्हणजे कानात एक गेलं की तोंडातून दोन निघायचं. ती शपथेवर सांगायची, "सकाळी पाणी सातच्या जरासं वर. मी जेवले, भांडी विसळली, बाहेर येऊन बघते तर पावणेआठ. वरून थेंब नाही की काही नाही. बाई साधी नाही ती. तिच्या हातात काहीतरी आहे."

हातात होतं, ते खोटं नाही. पण आधी ही बाई कोण ते कळायला हवं, त्याशिवाय चहाडीला चव येत नाही.

गल्लीत तिला सगळे 'लेव्हल' म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापलीकडे कधी गेलं नाही. नोकरी पालिकेच्या पूर खात्यात. तिपाईवर दुर्बीण लावायची, समोर एक गडी आकड्यांची उंच पट्टी धरून उभा, आणि दुर्बिणीतून बघून सांगायचं की हा उंबरा त्या खुणेच्या दगडापेक्षा किती उंच. रस्ते, गटारांची झाकणं, शाळांच्या पायऱ्या, शहरात जे जे जमिनीला चिकटलेलं होतं त्याची उंची ती मोजून आली होती. माणसंही ती तशीच मोजते म्हणत. लग्न का नाही केलंस, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "माझ्या लेव्हलचा मिळाला नाही." आणि मग विचारणारीच्या नवऱ्याकडे ती अशी काही एक डोळा मिटून बघायची, की त्या बाईने पुन्हा विषय काढला नाही.

तिला वाढवलं मावशीने. आई लवकर गेली, बापाने दुसरा संसार थाटला आणि पहिल्या संसारातला हा एक तुकडा मेव्हणीच्या पदरात टाकून तो मोकळा झाला. मावशी शिवणकाम करायची. नदीकडच्या खालच्या गल्लीत दोन खोल्या. पुढच्या खोलीत कापायचं लांबरुंद टेबल आणि पायाचं मशीन, मागच्या खोलीत उरलेल्या जागेत संसार. पोर टेबलाखालच्या चिंध्यांत खेळत मोठी झाली. तिला मिळालेली पहिली नोकरी म्हणजे टेपचं टोक धरणं. गिऱ्हाईक लठ्ठ असलं तर टोक धरून त्याला प्रदक्षिणा घालणं.

मावशीची टेपही मावशीसारखीच. पहिला इंच कधीच झिजून तुटला होता, टेप थेट एकापासून सुरू व्हायची. एका गिऱ्हाइकाने कीव येऊन नवीकोरी टेप आणून दिली, ती मावशीने खिडकीचा पडदा बांधायला वापरली.

"तुटकी टेप खोटं बोलत नाही," ती भाचीला सांगायची. "फक्त ज्या टेपने माप घेतलं त्याच टेपने कापड कापायचं. माप एकीने आणि कापड दुसरीने, की गिऱ्हाइकाचा श्वास अडकलाच म्हणून समज."

आकडे काढायलाही पोर तिथेच शिकली, खडूने, कापडावर. सातच्या कमरेला आडवी रेघ मारायची, म्हणजे घाईत त्याचा एक वाचला जात नाही. "सातला पट्टा बांध," मावशी ओरडायची. पुढे लेव्हल शिकली, सवरली, पण सातला पट्टा बांधायची सवय काही गेली नाही.

आता दुखण्याच्या जागेवर येऊ. एका वर्षी पुराचा भोंगा वाजला. गल्ली सगळं टाकून टेकडीवरच्या शाळेत जाऊन बसली. पाणी पहिल्या पायरीलाही शिवलं नाही. चोर मात्र घरोघर शिवून गेले. मावशीचं मशीन गेलं, आणि एका नवरीचे शिवून तयार ठेवलेले कपडे गेले. नवरीच्या आईने गल्लीत उभं राहून जे सुनावलं ते मावशीने मान खाली घालून ऐकलं. मग कुणाचं तरी जुनं मशीन मागून आणलं आणि कपडे पुन्हा शिवून दिले. त्या दिवसापासून तिने ठरवलं, "भोंग्याच्या सांगण्यावरून मी घर सोडणार नाही. आकडा दाखवा, निघते."

मावशी बोलली की गल्लीही तेच बोलायची. भोंगा वाजला तर लोक फार तर कानात बोट घालत.

आकडा दाखवा म्हणाली, म्हणून भाचीने आकडा आणला. पूररेषेचा नवा नकाशा नुकताच झाला होता. लेव्हलने खात्यात खटपट करून खालच्या वस्तीतल्या प्रत्येक दारावर एक पितळी पाटी ठोकायला लावली: या उंबऱ्याची उंची इतके मीटर. मावशीच्या दारावर आठ. मावशीने ती पाटी मशीनच्या तेलाने पुसायला सुरुवात केली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायला सुरुवात केली, "भाचीने मोजलंय."

काही दिवसांनी लेव्हल चहाला आली. मावशी तिला हाताला धरून दारात घेऊन गेली. तिथून पूल दिसायचा, आणि पुलाच्या खांबावर रंगवलेली पाणी मोजायची पट्टी. रेघा बारीक, मीटरला दहा; मीटरचे आकडे ढळढळीत.

"हे बघ, पुलावर किती?"

"पाच."

"दारावर?"

"आठ."

"आठातून पाच गेले, तीन उरले. तीन मीटर पाणी चढेपर्यंत मी मांडी घालून शिवत बसणार. सगळ्या गल्लीला शिकवलंय. तो इस्त्रीवाला, ज्याला गिऱ्हाइकाच्या शर्टांची मोजदाद जमत नाही, तोसुद्धा करतो. कशी आहे तुझी मावशी?"

लेव्हलचा चहा हातातच निवला.

भानगड अशी होती. उंची मोजायची तर कुठूनतरी मोजायला हवी, म्हणजे एक शून्य हवं. पुलाच्या खांबावरची पट्टी रंगवणाऱ्यांनी ते शून्य जुन्या बंदराच्या भिंतीवरच्या खुणेवर धरलं होतं. पिढ्यानपिढ्या तेच चालत आलं. नवा नकाशा झाला तेव्हा देशभरासाठी नवं शून्य ठरलं, समुद्राची पातळी नव्याने काढून, आणि ते या गावच्या जुन्या शून्यापेक्षा हातभर, म्हणजे अर्धा मीटर, खाली निघालं. नकाशा नव्या शून्यावर, म्हणून दारावरच्या पाट्या नव्या शून्यावर. पूल मात्र पूलवाल्या खात्याचा, तो आपला जुन्या शून्यावर. दोन्ही आकडे खरे. पण पुलावर साडेसात दिसतील तेव्हा पाणी मावशीच्या उंबऱ्याला टेकलेलं असणार, आणि मावशी अर्धा मीटर शिल्लक आहे म्हणून मांडी घालून शिवत बसणार.

लेव्हलला दोन्ही शून्यं पाठ होती. माणसं दारात उभी राहून एकातून दुसरं वजा करतील, हे मात्र तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. खात्यात कुणाच्याच आलं नव्हतं. तिथे नदीकडे दारातून कुणी बघत नाही, कागदावरून बघतात.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण मावशीचा चेहरा पाटीसारखा लखलखत होता, बाजूला इस्त्रीवाला दात काढून उभा होता, आणि लेव्हल म्हणाली, "छान आहे, मावशी."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. साहेब सरळ माणूस, इतका सरळ की वाकून बघायचाच नाही.

"दोन्ही बरोबर आहेत," साहेब म्हणाले. "फरकाचा तक्ता केलेला आहे."

"तक्ता कुठे आहे?"

"आपल्याकडे."

"आणि लोक?"

"लोक त्यांच्या घरी."

"साहेब, लोक पुलावरचा आकडा दारावरच्या आकड्यातून वजा करतायत."

"करू नये. दोन वेगळी शून्यं आहेत."

"त्यांना कुठे माहीत? पट्टी बदलून घेऊ या."

"पूल आपल्या खात्याचा नाही. आपली दारं."

"दारं लोकांची आहेत, साहेब."

"मग पाट्या आपल्या," साहेब म्हणाले. पत्र पाठवतो, असंही म्हणाले, आणि खरंच पाठवलं. पूलवाल्यांचं उत्तर आलं की आमची पट्टी बरोबर आहे.

त्यानंतर लेव्हलची झोप उडाली. जेवताना ती ताटाच्या काठाकडे बघत बसायची, आमटी कुठवर आली ते. रविवारी मावशीकडे जायची, बोलायचं ठरवून जायची, आणि दारात पाऊल ठेवलं की मावशी पाटी पुसत असायची. "या पाटीने मला माणसांत आणलं," मावशी एकदा म्हणाली. "नवरीची आई परवा येऊन वजाबाकी शिकून गेली. तीच ती, जिने मला रस्त्यावर उभं राहून चोर म्हटलं होतं." आता यावर कुणी काय सांगावं?

मग पाणी आलं. इथे नाही, वरच्या खोऱ्यात, चार जिल्हे पलीकडे धो धो पाऊस. इथे कडक ऊन, आणि नदी गुपचूप चढतेय. खात्यात कळलं की संध्याकाळपर्यंत पाणी नव्या शून्याने साडेआठला जाणार. भोंगा वाजवला. गल्लीने कानात बोट घातलं.

सकाळीच लेव्हल धावत मावशीकडे गेली. दारात अर्धी गल्ली जमलेली, मावशी मधोमध, गळ्यात टेप.

"मावशी, माझ्याकडे चल."

"पुलावर किती?"

"सातच्या वर."

"सात आणि दोन रेघा. दारावर आठ. अजून आठ रेघा शिल्लक." मावशीने माणसांकडे बघितलं. "बघा, ऑफिसातली असून वजाबाकी विसरली."

सगळे हसले. लेव्हलच्या जिभेवर होतं: मावशी, तू सगळ्यांना चुकीचं शिकवलंस, आणि ते माझ्यामुळे. इतक्या माणसांपुढे ते तिला गिळावं लागलं. एकदा त्या गल्लीने मावशीला मान खाली घालायला लावली होती. पुन्हा ते आपल्या तोंडून व्हावं, हे तिला झेपेना.

"हट्ट करू नकोस," एवढंच म्हणाली. मावशीच्या हातात आपल्या घराची किल्ली कोंबली आणि निघाली.

पुलापाशी येऊन ती थांबली. मावशी माणसाचं ऐकत नाही, आकड्याचं ऐकते. ठीक आहे, मग आकड्यालाच सांगू. खात्याच्या गाडीत पिवळं जाकीट होतं, रंगाचा डबा होता, ब्रश होता. जाकीट घालून ती खांबाच्या लोखंडी शिडीने खाली उतरली. पुलावरून माणसं ये-जा करत होती. एकाने वरून वाकून विचारलं, "किती वेळ लागेल, बाई?" ती म्हणाली, "होईलच." पिवळं जाकीट घातलेल्या माणसाला या जगात त्यापुढे कुणी काही विचारत नाही. पाण्याच्या वर दिसणारा प्रत्येक मोठा आकडा तिने रंग मारून बुजवला आणि पाच रेघा खाली नव्याने काढला. पाण्यात बुडालेला सात होता तिथेच राहिला. त्याच्यावर आठ आला, नऊ आला. पण पाण्याच्या लगेच वरच्या रेघेशेजारी तिने छोट्या आकड्यांत सात दशांश आठ लिहिलं, आणि हात घाईत होता म्हणून त्यातल्या सातच्या कमरेला पट्टाही बांधला.

जेवणं आटोपून गल्ली बाहेर आली, आणि इस्त्रीवाल्याच्या बायकोने किंकाळी फोडली. पावणेआठ. घटकाभरात हातभर पाणी. आठ यायला आता किती वेळ? तासाभरात गल्ली उठली. इस्त्रीवाला इस्त्री डोक्यावर घेऊन पळाला, कपडे मागे राहिले. म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसवून उचलली. जाताना प्रत्येकाने मावशीला हाक मारली.

मावशी दारातच उभी होती. घाटाच्या भिंतीत नावा बांधायची एक लोखंडी कडी आहे, ती मावशीला तिथून दिसायची. सकाळी पाणी कडीच्या चार बोटं खाली होतं. आताही चार बोटं खालीच. मग तिने डोळे बारीक करून खांबाकडे बघितलं. रंग ओला होता, एक ओघळ सुटला होता. आणि तो सात. पट्टा बांधलेला.

"मावशी, चला," इस्त्रीवाल्याची बायको ओरडली.

"तू जा," मावशी म्हणाली. "नदी माझ्या भाचीने वर चढवलीये. मला घाबरवायला."

हे वाक्य त्या बाईने कानात घेतलं आणि टेकडीवर नेलं. पुढे त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

लेव्हल ऑफिसात बसून होती. गल्ली टेकडीवर पोचल्याचा निरोप आला तेव्हा तिने पहिल्यांदा पाणी प्यायलं. मग मावशीला फोन लावला.

"पोचलीस का?"

"घरीच आहे. तुझी नदी बघितली. छान काढलीस. सात तेवढा ओळखीचा वाटला." आणि फोन बंद.

ती पोचली तेव्हा दिवस कलला होता आणि पाणी गल्लीत मांडीपर्यंत होतं. मावशीच्या घरात गुडघाभर. मावशी कापायच्या टेबलावर बसली होती, शेजारी मशीन चढवलेलं, त्याच्यावर गिऱ्हाइकांचे कपडे. तिच्याच्याने ते मशीन कसं उचललं गेलं, देव जाणे.

"आलीस? रंग वाळला का?"

"मावशी, पाणी घरात आलंय."

"दिसतंय. आंधळी नाही मी. जुने आकडे जिथे होते त्या हिशोबाने अजून यायला नको होतं. बसत नाही गणितात, तेच बघत बसलेय."

लेव्हलने तिच्या गळ्यातली टेप काढून हातात धरली. "दारावरचं माप या टेपने घेतलंय. पुलावरचं त्या टेपने." आणि तिने खिडकीत पडद्याला बांधलेल्या कोऱ्या टेपकडे बोट केलं.

मावशीने एकदा खिडकीकडे बघितलं. समजायला तिला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही.

"कितीची तुटकी आहे?"

"हातभर."

"आणि मी सगळ्या गल्लीला..." मावशी थांबली. "तुला कधीपासून ठाऊक?"

"तू पहिल्यांदा वजाबाकी करून दाखवलीस तेव्हापासून."

"मग पूल कशाला रंगवलास? टेप तुटकी आहे म्हणाली असतीस. दुसरं काही म्हणाली असतीस तर मला कळलं नसतं. हे मला कळलं असतं." ती टेबलावरून पाय खाली सोडत म्हणाली, "चल. मशीन राहू दे."

बाहेर पडताना दाराची पायरी पाण्याखाली दिसली नाही. जिची उंची भाचीने मिलिमीटरपर्यंत मोजली होती, तीच पायरी. मावशीचा पाय घसरला. हाडाचा आवाज लेव्हलने पाण्यातूनही ऐकला. तिला पाठीवर घेऊन ती पुलापर्यंत आली, तिथून दोन अनोळखी माणसांनी उचलून दवाखान्यात नेलं.

हाड जुळलं, पण पायाचं मशीन चालवण्याइतकं नाही. आता मावशी भाचीकडे राहते, चौथ्या मजल्यावर, खिडकीपाशी. हाताने काजं करते, बटणं लावते. भाचीने कुठलाही आकडा सांगितला, दुधाचा, औषधाच्या गोळ्यांचा, घड्याळातला, की मावशी एकच विचारते, "कुठल्या टेपने?" भाची हसते. मावशी हसत नाही.

लेव्हलची चौकशी झाली. कुणाच्या आदेशाने आकडे बदललेस, असं विचारलं; आदेश कुणाचाच नव्हता, तेव्हा तिची बदली सामानाच्या गोदामात झाली. पूलवाल्यांनी येऊन तिचे आकडे बुजवले आणि जुने पुन्हा काढले. वर्षभराने वरून हुकूम आला की सगळीकडे एकच शून्य धरावं, तेव्हा पुन्हा माणसं आली, शिडीने उतरली आणि तिने काढले होते तिथेच आकडे काढून गेली. सातला पट्टा नाही, एवढाच फरक. गल्ली परत आली. या खेपेला चोरी झाली नाही, चोरांच्याही घरात पाणी होतं. कुजबूज मात्र राहिली. इस्त्रीवाल्याची बायको अजून सांगते, आणि आता त्यात एक होडीही आली आहे.

गल्ली उठून पळाली तोवर नदी बोटभरही चढली नव्हती. लेव्हलने खांबावरचे आकडे खाली सरकवले होते. ना बिल्डरसाठी, ना गल्लीला वाचवायला, गल्ली तिच्या मनातही नव्हती. ते तिने एकट्या मावशीसाठी केलं, आणि त्या आकड्यांकडे बघून घरात राहिली ती एकटी मावशीच.